खांदमळणीचा हप्ता

सोमवार, सकाळी सहा. माझा चौथा हप्ता सुरू झाला की घरात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. मी अंगणात येरझारा घालतो. नळाचं वॉशर बदलतो आणि बदललेलं पुन्हा काढून बघतो. बायको म्हणते, "काऊन हिंडून राह्यले सारखे? बसा ना एका जागी. तुमच्या आरामानं मले आराम नाही." तिचं बरोबर आहे.

मी जळगाव जामोदचा. आमच्याकडे आठवड्याला हप्ताच म्हणतात. इन्फंट्रीत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आता वय बावन्न. गावातल्या पत्र्याच्या व्यायामशाळेत हप्त्यातले चार दिवस वजन उचलतो. पहिले तीन हप्ते वजन चढवत न्यायचं. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद किलो. चौथ्या हप्त्यात पन्नास आणि सेट निम्मे. दिवस मात्र एकही चुकवायचा नाही.

माझ्यासोबत सलीमभाई येतो. बस स्टँडजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मागच्या चौथ्या हप्त्यात म्हणाला, "उस्ताद, आज इतकंच? ताकद संपली काय?"

"संपू नये म्हणून इतकंच."

"मंग घरीच राहाचं ना. पन्नास किलोसाठी कायले आंघोळ वाया घालवता?"

त्याला तिथंच ड्रिल करून दाखवली. 'विश्राम' म्हटलं की जवान पाय फाकवतो, हात मागे घेतो, पण जागा सोडत नाही. जागा सोडायला वेगळा हुकूम असतो, तो 'विसर्जन'. हलका हप्ता म्हणजे विश्राम. सलीमभाई हसला, पण त्याला पटलं.

लोकांना शिकवणं सोपं आहे. मी स्वतः हे ठेच लागून शिकलो, आणि ती ठेच दुसऱ्याला भोवली. ज्याला भोवली त्याच्या आईला एक गोष्ट सांगायची होती. ती मी अकरा वर्षं सांगितली नाही.

त्याचं नाव उत्तम, हुद्दा नाईक. सुलतानपूरचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा, पण दुसऱ्या टोकाचा. पलटणीत मी त्याला सुलतान म्हणायचो आणि तो मला जामोद. मी 'मले-तुले' बोललो की तो हसायचा. मी म्हणायचो, "तू बे आधा मराठवाड्याचा, तुले काय समजते." दोघंही युनिटच्या वेटलिफ्टिंग टीममध्ये होतो. रँकने मी वर होतो, पण टीमचं वेळापत्रक तोच आखायचा. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. ड्यूटी, रजा, फायरिंग, परेड सगळं बघून तो प्रत्येकाचा चौथा हप्ता ठरवायचा. ड्यूटी जड असेल तर हलका हप्ता आधी ओढायचा. सकाळी नाडी मोजायचा, हात दाबून पकड बघायचा. उपाशी राहा म्हटलं असतं तर मी राहिलो असतो. कमी उचल म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

त्या हप्त्याला त्याने नाव दिलं होतं खांदमळण. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात. चोळून झालं की बैलाला आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." वहीत उत्तम फक्त 'खां.म.' लिहायचा. पंजाबची, केरळची पोरंसुद्धा विचारायची, "मेरा खांम कब है?"

मग बटालियन वर, बर्फातल्या सरहद्दीवर गेली. आमच्या कंपनीचा बेस चौदा हजार फुटांवर होता. वरच्या चौकीला रॉकेलचे जेरीकॅन पाठीवर नेऊन द्यायचे, हे रोजचं काम. पाच जणांची ही लिंक पार्टी, एका दोरात बांधलेली. साडेपाचला फॉल-इन. दुपारपर्यंत परत. डॉक्टरसाहेबांच्या परवानगीने उत्तमने तिथंही थोडा व्यायाम बसवला. पाईपाला वाळूचे जेरीकॅन बांधले की आमचा बार तयार. चौथ्या हप्त्यात फक्त ड्यूटी, पाईपाला हात लावायचा नाही.

खाली उतरल्यावर तीन महिन्यांत कमांडची वेटलिफ्टिंग स्पर्धा होती. माझी ती शेवटची. चाळिशी ओलांडलेली, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नव्हतं. माझा चौथा हप्ता लागला आणि मला बसवेना. रोज दुपारी सगळे जेवायला गेले की मी स्टोअर टेंटच्या मागे जाऊन पाईप उचलायचो. नेहमीपेक्षा जास्त. संध्याकाळी वहीत लिहायचो, 'खां.म.' चार दिवस खोटं लिहिलं. लाज वाटत नव्हती, उलट आपण हुशार आहोत असंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी पाचला बूट घालायला वाकलो आणि कमर धरली. वर होता येईना, खाली जाता येईना. बोर्डावर माझं नाव होतं, दोरात तीन नंबर. उत्तमला त्या दिवशी सुट्टी होती. त्याने बघितलं, काही न विचारता माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझ्या बुटांच्या लेस बांधायला लागला.

"हलका हप्ता केला का?"

"केला."

"वहीत लिहिलं?"

"लिहिलं."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग बांधलेली लेस सोडली आणि बूट माझ्या पायातून काढले. "पडून राह्य," म्हणाला. बिछान्याशी जाऊन काहीतरी केलं, पार्का कोट चढवला आणि बाहेर गेला. सुभेदारसाहेबांशी झालेलं बोलणं मला टेंटमध्ये ऐकू आलं.

"साहब, इसकी कमर अटक गयी. मैं जाता हूँ."

"तेरा तो आज आराम है."

"आराम हो गया, साहब."

पाच पस्तीसला पार्टी निघाली. मला पडून राहवेना. काठी टेकत सिग्नल बंकरपर्यंत गेलो. नऊ वीसला वायरलेस सेटवर आवाज आला, "बेस, बेस, लिंक पार्टी. नाले पर पहुँचे. सब ठीक. ओव्हर." मी मनात म्हटलं, आता चौकी जवळच.

नऊ सत्तेचाळीस. "बेस, बेस! स्लाइड आया. दोरी कट गयी. तीन नंबर नहीं मिल रहा. तीन नंबर नहीं मिल रहा. ओव्हर."

दहा मिनिटांत रेस्क्यू पार्टी निघाली. मी फावडं उचलायला गेलो आणि तिथंच कोसळलो. सुभेदारसाहेब म्हणाले, "तू सेट पर बैठ." बसताही येत नव्हतं. दोन वीसपर्यंत मी सेटपाशी उभा होतो. कमरेत आग होती, आणि मला वाटत होतं अजून दुखावं.

"बेस, तीन नंबर मिला. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

बराच वेळ खरखर.

"नहीं रहा साहब. ओव्हर."

त्याचं सामान बांधायचं काम मीच मागून घेतलं. बिछान्यावर निळी वही उघडी होती. माझ्या चार खोट्या 'खां.म.' खाली त्याच्या हाताने लिहिलेलं होतं, 'जामोद. झाली नाही. आणखी एक हप्ता.' म्हणजे निघताना त्याला सगळं कळलं होतं. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वही मी सामानात बांधली नाही, माझ्याजवळ ठेवली.

कमरेला पट्टा बांधून मी त्याच्यासोबत सुलतानपूरपर्यंत आलो. तिथं खांदा द्यायला पुढे झालो तर सोबतच्या जवानांनी मला धरून बाजूला केलं. डॉक्टरांची मनाई होती. ज्याने माझं ओझं वाहिलं त्याला मला खांदाही देता आला नाही. त्याची माय दारात बसली होती. मी पाया पडलो आणि खरं न सांगताच परतलो. पुढे दरवर्षी जायचो, चहा प्यायचो, तब्येत विचारायचो आणि बस पकडायचो. शब्द ओठापर्यंत यायचे आणि मी पाऊसपाण्याचं बोलायचो.

स्पर्धा हुकलीच. दोन वर्षांनी पुन्हा बार धरला, तेव्हा त्याच वहीत पुढच्या पानापासून लिहायला घेतलं. नऊ वर्षांत एकही चौथा हप्ता खोटा लिहिला नाही. पण त्या हप्त्यात चैन पडत नाही. हात रिकामे असले की सेटची खरखर ऐकू येते.

यंदा चौथा हप्ता नेमका पोळ्याला आला. बायको म्हणाली, "असे घरात फिरण्यापेक्षा जाऊन या सुलतानपूरले. अन् जे सांगाचं ते सांगून या." पोळ्याच्या आदल्या दिवशी खामगाव, मेहकर करत दुपारी चारला पोचलो. उत्तमचा भाऊ बैल धुऊन आणत होता. माय अंगणात वाटीत लोणी-हळद कालवत होती. वय सत्तरीच्या पुढे, पण हात घट्ट. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि सावधान होऊन रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. पाळी माझी होती. मी चोरून वजन उचललं. वहीत खोटं लिहिलं. म्हणून तो गेला.

ती बैलाच्या खांद्यावर हात फिरवत राहिली. बैल अंग थरथरवत होता. तिने त्याला थोपटलं.

"तो फोनवर म्हणायचा," ती म्हणाली, "माय, जामोदला दम निघत नाही. मी म्हणायचे, मंग तू ध्यान ठेव त्याच्यावर." वाटीत बोटं बुडवत म्हणाली, "मीच सांगितलं होतं, बाप्पा. मी कोणाला सांगू?"

मला रडू आलं. तिच्यासमोर, बैलासमोर, उभ्या उभ्या रडलो.

तिने दुसऱ्या बैलाचा खांदा मळला. वाटी निपटली. मग हाताला राहिलेलं लोणी तिने माझ्या उजव्या खांद्यावर, शर्टावरूनच, चोळलं. बैलांना म्हणतात तशाच सुरात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी बस पकडली नाही. दुसऱ्या दिवशी उत्तमच्या पाटावर बसून पुरणपोळी जेवलो. घरी आल्यावर निळी वही काढली. त्याने सांगितलेल्या त्या आणखी एका हप्त्यासमोरची जागा अकरा वर्षं कोरी होती. तिथं लिहिलं, 'जामोद. खां.म. झाली. सुलतानपूर, उत्तमच्या मायच्या हातानं.'