दुसरा माणूस

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुहीला, माहेरी तांदूळ निवडत होते. शेजारच्या वहिनी सांगत होत्या, चहा पिता पिता मान टाकली, दवाखान्यात नेलं, पण... मी ‘बरं’ म्हणाले आणि ताटातले खडे वेचत राहिले. आईनं हातातून ताट काढून घेतलं, तेव्हा उठले.

विलास म्हणजे माझे मिस्टर, लिफ्टचे मेकॅनिक. एका कंपनीत कायम नोकरीला होते. निळा गणवेश, खिशावर नाव. एक जण लिफ्टच्या डोक्यावर चढून काम करतो, तेव्हा दुसऱ्यानं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये स्विचपाशी उभं राहायचं असतं, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. कंपनीनं ही दुसरी माणसं हळूहळू कमी केली. मग महाल भागातल्या एका इमारतीत विलास लिफ्टच्या डोक्यावर असतानाच ती हलली. लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले. “मी एकटा नाही जात, साहेब. मले घरी दोन पोट्टे आहेत.” वाद पुष्कळ दिवस चालला.

कंपनीनं काढून टाकलं नाही. बोलावून सांगितलं, आजपासून तुम्ही नोकर नाही, ठेकेदार. नंदनवन भागातल्या लिफ्ट तुमच्याकडे, सोबत माणूस ठेवायचा की नाही तुमचं तुम्ही बघा. गणवेश परत घेतला. घरी येऊन विलास बराच वेळ पंख्याखाली बसले. “साहेब म्हणते, तू मालक झाला,” ते म्हणाले. “आता भांडू कोणाशी?”

माणूस ठेवणं परवडेना, म्हणून मीच जाऊ लागले. मुलं शाळेत गेली की आम्ही गाडीवर निघायचो. मी वर स्विचपाशी, विलास खाली अंधारात. मधूनच आवाज यायचा, “सुषमा, आहेस ना वं?” मी म्हणायचे, “आहे.” एवढंच बोलणं. पण लग्न झाल्यापासून इतका वेळ आम्ही सोबत कधी नव्हतो... एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला हटकलं, “बाई, इथं काहून उभ्या आहात?” विलास आतूनच ओरडले, “पार्टनर आहे माझी!” परतताना त्यांनी मला कोथिंबिरीची गरम सांबारवडी खाऊ घातली.

ते गेल्यावर कंपनीत कळवलं. ‘ते आमच्याकडे नव्हते,’ असं उत्तर आलं. जुने दोन सोबती मात्र रजा टाकून भेटून गेले.

परवा विलासच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. नंदनवनचं काम आता ज्याला मिळालंय, तो मेकॅनिक. एका मशीन रूमची किल्ली आमच्याकडे राहिली होती. मी नेऊन दिली.

“सोबत कोण आहे?” मी विचारलं.

“कोणी नाही जी. एकटाच करून राहिलो.”

किल्ली देऊन मला परत जाता आलं असतं. मी त्याच्यासोबत गच्चीवर गेले, स्विच बंद केला आणि म्हणाले, “उतरा आता. मी इथून हलत नाही.” त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा स्विचकडे पाहिलं आणि उतरला. काम होईपर्यंत मी उभी होते. मनात काहीच येत नव्हतं.

घरी येऊन विलासचा फोन चार्जिंगला लावला. रोजच लावते.