फणसवाडी ते परळ, धावत

साठी उलटल्यावर मी धावायला लागलो, हे वाडीत कोणाला पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं. आयुष्यभर बँकेत खुर्ची उबवलेला माणूस मी. पण गेल्या वर्षी ही गेली, आणि परळच्या हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहणारे पेशंटचे नातेवाईक डोळ्यांसमोरून हलेनात. केमोच्या दिवसांत त्यांच्यातूनच वाट काढत आम्ही आत जायचो. ही आमचा निम्मा डबा तिथेच वाटून टाकायची आणि वर मलाच सांगायची, "तुम्ही कँटीनचा वडा खा."

तिथे रोज सकाळी एक संस्था नाश्ता वाटते. त्या नाश्त्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून मी जाहीर केलं: महिनाभर रोज फणसवाडी ते परळ धावत जायचं, एकही खाडा न करता. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिचं नाव घालून तसं लिहिलं.

आमच्या वाडीचा वर्गणी काढण्यात हात कोण धरणार! मंडळाचा अध्यक्ष माझा शाळेपासूनचा मित्र. तो दारोदार फिरला आणि एका संध्याकाळी सगळं जमवून आला. मी अजून बूटसुद्धा आणले नव्हते.

"झालं रे तुझं काम," तो म्हणाला. "आता कशाला धावतोस? गुडघे सांभाळ."

मला रागच आला. पैसे हवेच होते, पण नुसते पैसे नको होते. कोणीतरी हिच्याबद्दल बोलायला हवं होतं. तेराव्यानंतर वाडीत तिचा विषयच बंद झाला. मी दिसलो की लोक क्रिकेट काढायचे, नाहीतर रीडेव्हलपमेंट. मला त्रास होऊ नये म्हणून, हे कळत होतं. तरी आतून फार एकटं वाटायचं.

मग हट्टाने धावलो. लॅमिंग्टन रोडची बंद शटरं, सात रस्ता, लालबागच्या पुलाखालून परळ. सुरुवातीला धावणं कमी आणि धापा टाकणं जास्त. तिथे एक चहा, आणि बसने परत. कुलूप काढताना "आलो गं" तोंडात यायचं. तेवढं सोडलं तर कित्येकदा दुपारपर्यंत बोलायची वेळच यायची नाही. ग्रुपवर मात्र "काकांची जिद्द!" म्हणून अंगठ्यांचा पाऊस.

शेवटच्या सकाळी खाली उतरलो, तर वाडीच्या तोंडाशी फ्लेक्स. हार्दिक अभिनंदन, आणि भलामोठा मी. फोटो पुतणीच्या लग्नातला. त्यात ही माझ्या शेजारी उभी होती. फ्लेक्सवाल्याने तिला कापून टाकलं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता, हिरव्या बांगड्यांसकट.

मित्र दोरी बांधून नुकताच शिडीवरून उतरत होता. त्याचंही तेव्हाच लक्ष गेलं. "आयला, राहिला बघ चुकून. संध्याकाळपर्यंत दुसरा मारून घेतो."

"राहू दे," म्हणालो, आणि मला रडू फुटलं. भर रस्त्यात. लपवलंही नाही.

त्याने वर त्या बांगड्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "त्या लग्नात वहिनी कासारणीशी भांडल्या होत्या ना रे?"

"भांडली कुठे? एक बांगडी जास्त मागत होती."

"भांडल्या होत्या. मी होतो तिथे."

बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही तिच्यावरून वाद घालत राहिलो. ऊन अंगावर आलं तरी उठलो नाही. त्या दिवशी खाडा झाला.