लंकाबाईंच्या मागची झोपडी

लंकाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायचं धाडस मला होत नाही. त्या माझा जेवणाचा डबा करायच्या, एवढंच. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कशानं गेला, एकटीला त्या घरात करमायचं का, यातलं मला काही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो आणि इथंच शेंडी गावात राहिलो. बोलण्यात मी पहिल्यापासून मागे, लिहिण्यात त्याहून मागे. पण चौकात त्यांचा जो श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आहे, तो रोज दूध आणायला जाताना दिसतो आणि रोज माझं डोकं तापतं. कुणाशी बोलायला गेलो तर मी अडखळतो. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सोडून द्यावं.

फ्लेक्सवर लंकाबाई हसत उभ्या आहेत. खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं. मागे झोपडी आहे. सारवलेली भिंत, भिंतीवर पांढऱ्या रंगात नाचणारी माणसं, कोपऱ्यात चूल, वर लसणाच्या माळा. खिडकीबाहेर नारळाचं झाड. भंडारदऱ्याच्या धरणावर एवढी वर्षं नोकरी केली, मला इथं नारळाचं झाड कुठं दिसलं नाही.

ती झोपडी लंकाबाईंची नाही. ती कुणाचीच नाही.

लंकाबाईंचं स्वयंपाकघर कसं होतं ते मी सांगतो. काळा ओटा, गॅसची शेगडी, भांड्यांची स्टीलची मांडणी आणि ओट्यापासून छतापर्यंत आकाशी रंगाच्या फरशा. त्या फरशा त्यांनी संगमनेरला जाऊन स्वतः निवडल्या होत्या. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी न बसता मागे खोक्यांना धरून बसल्या, कारण फुटतील. राजूरच्या पुढच्या वळणांवर त्यांना उलट्या झाल्या, पण खोकी सोडली नाहीत. तरी एक तडकलीच. ती त्यांनी मिक्सरच्या मागे बसवून घेतली, दिसू नये म्हणून. त्यांच्या आईचे डोळे चुलीच्या धुरानं गेले होते आणि त्यांना स्वतःला खोकला कायमचा. ओटा झाला त्या दिवशी त्यांनी चूल मोडली आणि तिच्या विटा अंगणात पेरूच्या आळ्याला लावल्या. मला दाखवत म्हणाल्या, "लई जाळलं हिनं. बस म्हनलं आता पान्यात."

त्यांच्या हातची हुलग्याची शेंगोळी गावात नावाजलेली. बचत गटाच्या बायकांचं हुलग्याचं पीठ पुण्याची एक कंपनी घेऊ लागली, आणि मग त्या कंपनीच्या डोक्यात आलं की पीठ शहरातल्या लोकांना घरपोच पाठवायचं आणि रविवारी सकाळी मोबाईलवर मीटिंग लावून लंकाबाईंनी इथून शेंगोळी शिकवायची. सगळ्यांनी आपापल्या घरी सोबत करायची. गटाच्या बायकांना दळणाचं काम मिळणार होतं, म्हणून सगळ्या खूश होत्या.

"काका, तुमी निस्ते बसा," लंकाबाई मला म्हणाल्या. "ती कंपनीची पोरगी इंग्रजीत काय बोलली तर मला सांगा."

म्हणून मी फ्रिजशेजारी स्टुलावर बसलो. त्या दिवसापर्यंत मी त्या स्वयंपाकघराच्या दारापलीकडे गेलो नव्हतो. लंकाबाईंनी फरशा सोड्यानं घासल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या.

कंपनीची अनन्या मॅडम गाडीनं आली. मोबाईलचा स्टँड, गोल दिवा, सगळं घेऊन. पोरगी वाईट नव्हती, नम्र होती, उगीच खोटं कशाला बोलू. तिनं स्वयंपाकघर पाहिलं आणि विचारलं, "मावशी, तुमची चूल कुठेय?"

"मोडली."

"अरेरे."

त्या अरेरेवर मला उठून जावंसं वाटलं होतं. मी बसून राहिलो.

अनन्यानं त्यांच्या मोबाईलवर बरीच बोटं चालवली आणि पडद्यावर लंकाबाईंच्या मागे ती झोपडी आली. लंकाबाईंनी वळून भिंतीकडे पाहिलं. मग मोबाईलकडे. परत भिंतीकडे.

"ही कुनाची झोपडी?"

"बॅकग्राउंड आहे मावशी. मीटिंगमध्ये मागचं बदलता येतं."

"पन माझं सैपाकघर कुठं गेलं?"

"ते आहेच की. फक्त दिसणार नाही. लोकांना ऑथेंटिक हवंय."

लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी?"

"अस्सल," मी म्हणालो.

"मंग अस्सल ह्येच हाय की. त्या झोपडीत मी कदी गेल्ते?"

"मावशी, ओटा आणि फरशा लोक आपल्या घरी रोज बघतात."

"आन मी चूल रोज बघितली. त्यास्नी हवी आसंल तर त्यांच्या घरी मांडून देते. येते पुन्याला, इटा घिऊन."

अनन्या हसली. तिला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

मीटिंग सुरू झाली आणि निराळाच तमाशा झाला. त्या मोबाईलला माणूस तेवढा कळतो. बाकी सगळं तो मागच्या चित्रात पुसून टाकतो. लंकाबाईंनी पीठ मळायला घेतलं तर परात दिसेना, नुसते हात हवेत मळताना दिसले. त्यांनी शेंगोळ्याचं वेटोळं करून उचललं की ते गडप. कुणीतरी म्हणालं, "ताई, शेंगोळं दिसतच नाहीये." परदेशातले एक गृहस्थ म्हणाले, "मावशी जादू करतायत." त्यावर चौकोनाचौकोनातली माणसं हसली.

"मावशी, अजून तोंडाजवळ धरा," अनन्या म्हणाली. "हां, तसंच. आता स्माइल."

लंकाबाईंनी शेंगोळं ओठांजवळ धरलं आणि दात दाखवले. कंपनीनं तेव्हाच पडद्यावरचा त्यांचा फोटो काढून घेतला. तेच हसू आज चौकात लागलं आहे. मी दोन हातांच्या अंतरावर बसून ते पाहिलं आहे. त्याला हसू म्हणणाऱ्या माणसानं लंकाबाईंना कधी हसताना पाहिलेलं नाही.

अनन्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तोंडाजवळ धरा म्हनं. मी शेंगोळी शिकवाया बसले का दात इकाया?"

तरी पुढचे काही रविवार त्यांनी तसेच काढले, कारण दळण थांबलं असतं. अनन्या पुण्याहूनच मीटिंग चालवायची. झोपडी मोबाईलमध्ये तशीच राहिली होती. प्रत्येक वेळी त्या फरशा पुसायच्या आणि प्रत्येक वेळी फरशांच्या जागी ते नारळाचं झाड यायचं. शेवटी एके दिवशी मीटिंगआधी त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"काका, ही झोपडी काढता येती का?"

मला येत नव्हतं. मी दाबत गेलो. आधी समुद्र आला. मग काळं आकाश आणि मागे निळा गोळा, म्हणजे आपली पृथ्वी.

"आता चांदावर न्हेलं व्हय मला?" लंकाबाई म्हणाल्या. "हितं तरी गॅसची टाकी येती का इचारा." आणि त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

शेवटी सापडलं. झोपडी गेली, फरशा दिसल्या. त्या रविवारी परात दिसली, शेंगोळं दिसलं, फोडणी दिसली. नाशिकच्या एका बाईंनी विचारलं की या फरशा कुठून आणल्या, तर लंकाबाईंनी हातातलं काम थांबवून टेम्पोची सगळी गोष्ट सांगितली, उलट्यांसकट. लोक ऐकत होते. एकही माणूस मीटिंग सोडून गेला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला सांगण्यात आलं की लोकांना ते आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. अनन्या म्हणाली, प्रतिक्रिया चांगल्या होत्या, पण कंपनीचं एक ठरलेलं रूप आहे, वरच्यांचं म्हणणं आहे की झोपडीच लावावी. नाहीतर पुढचे रविवार थांबवावे लागतील.

"मंग थांबवा," लंकाबाईंनी सांगितलं आणि फोन ठेवला.

कंपनीचं दळण बंद झालं. गटातल्या दोघीजणी त्यांच्या ओट्याशी येऊन भांडल्या. मी डबा न्यायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"लंके, मागं फोटूच तर हाय. तुझं काय जातंय?"

"जातंय. तुमाला दिसत न्हाई म्हनून जात न्हाई व्हय?"

त्यानंतर त्या गटाच्या पिठाची पाकिटं पिशवीत भरून बाजाराच्या दिवशी स्वतः राजूरला न्यायच्या, विकायच्या, आणि भांडलेल्या दोघींचा हिस्साही त्यांच्या घरी पोचवायच्या. खोकत जायच्या, खोकत यायच्या. आषाढात एका रविवारी सकाळी छातीत दुखलं. नाशिकला नेताना वाटेतच गेल्या.

त्यांचा मुलगा हर्षल नाशिकला नोकरीला आहे. फ्लेक्स त्यानं लावला. मी त्याच्याकडे गेलो. आयुष्यात कुणाकडे तक्रार घेऊन जायची माझी ही पहिली वेळ असेल. तो अंगणात मंडपवाल्याशी बोलत होता.

मी म्हणालो, "हर्षल, ही झोपडी तुझ्या आईची नाही."

"ठाऊक हाय काका. पन दुसरा फोटो न्हाई. ह्यात हसतीय ती."

"ती हसत नाहीये."

तो म्हणाला, "तुमी मागचं बदलून आना, मी लावतो."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, मोबाईलवर फरशांचा फोटो काढला आणि राजूरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो चहा पीत कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"झोपडी काढतो की," तो म्हणाला. "मागं काय टाकू? ढग हायती. धबधबा हाय. हिमालय लई चालतो."

"या फरशा टाका."

"काका, श्रद्धांजलीला फरशा कोनी टाकत न्हाई."

"टाका म्हणतो ना." माझा आवाज इतका चढला की बाहेर उभी असलेली माणसं आत डोकावली.

त्यानं टाकल्या. मला ते चित्र बरोबर वाटलं. लंकाबाई त्यांच्या ओट्यासमोर होत्या. हर्षलला पाठवलं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. त्याच्या आत्या म्हणत होत्या की बाई मोरीत उभी असल्यासारखी दिसते, लोक हसतील.

"मोरी?" मी म्हणालो. "त्या फरशांसाठी तुझी आई टेम्पोत..." पुढचं मला नीट बोलता आलं नाही. मी काय बोललो ते मला आता आठवतही नाही, पण मी ओरडत होतो. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "काका, राग मानू नका. पन तुमी आमच्या आईचे कोन?"

मी फोन ठेवला, फ्लेक्सवाल्यानं ते चित्र पुसलं, आणि मी एसटीनं परत आलो. चौकात झोपडी आहे. दहावा झाला तरी आहे. कुणी उतरवली नाही, बहुतेक पुढचा वाढदिवसाचा फ्लेक्स येईपर्यंत राहील. बाहेरगावची माणसं भंडारदऱ्याला जाताना तिथं गाडी थांबवून चहा पितात. त्यांना वाटत असेल, गरीब बिचारी, चुलीपाशी राबून गेली.

नाही. त्या गॅसच्या शेगडीपाशी, स्वतः आणलेल्या फरशांपुढं उभ्या राहून शिजवत होत्या. मी त्यांचा कोणी नव्हतो, पण एवढं मी पाहिलं आहे.

आमचं शेवटचं बोलणं शनिवारी संध्याकाळी झालं. मी रिकामा डबा परत द्यायला गेलो होतो. त्या ओट्याशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. वळल्या नाहीत.

"काका, उद्या मेथी हाय आन शेपू हाय. काय करू?"

"शेपू नको."

"बरं. मेथी करते."