मामाचं नाक

माझ्या मामाएवढा स्वतःच्या नाकावर भरवसा असलेला माणूस पुसेगावच्या शिवारात झाला नाही आणि व्हायचाही नाही. डोळ्यांनी पाहिलेलं त्याला अर्धवट वाटे, कानांनी ऐकलेलं तर साफ खोटं. नव्या चपला हुंगल्याशिवाय पायात जात नसत. लेकीला बघायला आलेला मुलगा पाया पडायला वाकला, तेव्हा मामाने त्याची मान हुंगून भर बैठकीत जाहीर केलं, "पोरगं बराबर हाय. तंबाखू न्हाई." माणसांना तो सरसकट अरे-तुरे करी, मेंढ्यांना मात्र "चला बाई, सरका बाई". मी वसतिगृहातून सुगंधी साबण लावून आलो की मेंढवाड्यात मला बंदी. "पहिलं आंग धू. मेंढरं बुजतेत."

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मला तिथे पोचवणारा हाच मामा. पुढे मी मोडलेल्या हाडात बसवायच्या धातूवर संशोधन करू लागलो. शरीर परक्या धातूला सहजी आपला म्हणत नाही. म्हणून त्यावर हाडातल्यासारख्याच क्षारांचा पातळ थर चढवायचा, म्हणजे हाड त्याला धरून वाढतं. माझा थर मात्र प्रयोगशाळेतल्या द्रावणात काही आठवड्यांत विरघळून जाई. तीन वर्षं अशीच गेली. शेवटी पीएचडी सोडायचं ठरवून मी गावी आलो.

"का रं, तोंड पाडून बसला?" मामाने विचारलं.

मी सगळं सांगितलं. मामाचा एक डोळा माझ्याकडे, एक मेंढवाड्यातल्या एका कोकराकडे होता. कोकराची आई मेली होती, आणि शेजारच्या मेंढीचं पिल्लू मेलं होतं. मामाने त्या मेलेल्या पिल्लाचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं आणि ते त्या मेंढीपुढे सोडलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि पाजू लागली.

"बघ, तुझंच काम करतुया."

"पण मामा, माझा थर टिकत नाही."

"मंग टिकवायचा कशापायी? मी काय हे कातडं जलमभर ठिवतो व्हय? तीन-चार दिस बास. तवर ह्ये तिचं दूध पिऊन तिच्याच वासाचं हुतंय. मंग कातडं सोडायचं. शिकून येडं झालं का लेकरू?"

मी परत गेलो. थर कायमचा टिकवायचा हट्ट सोडला. हाड धरेपर्यंत तो राहावा आणि मग सावकाश विरावा, एवढंच बघू लागलो. काम जमलं. प्रबंधात आभार मानताना पहिलं नाव मामाचं घातलं, तर गाईडनी विचारलं, "हे कुठल्या विद्यापीठात असतात?"

आता मामाला दिसत नाही. मेंढवाडाही रिकामा आहे. परवा घाईत, साबणाच्या वासासकट तसाच मामाकडे गेलो आणि दारातच थबकलो. मामाने चाचपत माझा हात धरला, नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला.

"अंग धुऊन येतो मामा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आपलंच हाय."