कानातले माग

सोमशेखरनं बावीस वर्षं इचलकरंजीत कापडाचे यंत्रमाग चालवले आणि शेवटी माग त्याच्या कानात येऊन बसले. २००२ सालची गोष्ट. कामावर जाणं बंद केलं, कापसाचे बोळे कोंबले, तरी कानात खटाखट, खटाखट चालूच. अडीच महिने डोळ्याला डोळा नाही. एकदा तो पंचगंगेच्या पुलावरनं खाली वाकलेला दिसला आणि त्याच्या बायकोनं, रत्नव्वानं, धावत जाऊन त्याला मागं ओढलं. तेव्हापासनं ती त्याला क्षणभर एकटा सोडत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. झाडांत न्या, शांत जागी."

घ्या! इचलकरंजीत झाडं आणायची कुठनं? शेवटी शेजारची शालूबाई धावून आली. तिचं माहेर आजऱ्याकडं, गावाला देवराई. आत जाताना चप्पल काढायची, वाळकं पानही उचलायचं नाही आणि तोंडातनं शब्द काढायचा नाही, असा देवाचा दंडक. रत्नव्वाला ते पटलं. दुखणं आवाजाचं, तर औषध शांततेचं, साधी गोष्ट! ती नवऱ्याला घेऊन शालूबाईच्या भावाकडं उतरली आणि रोज सकाळी त्याला राईतल्या सगळ्यात गप्प कोपऱ्यात बसवू लागली.

चार दिवस गेले. सोमशेखर अजूनच खंगला. पाचव्या दिवशी त्यानं झाडाच्या बुंध्यावर कपाळ आपटलं.

"बंद कर की गं त्ये माग! हितं तर शंभर चालल्यात!"

कपाळातनं रक्त आलं. मग रत्नव्वाचाही बांध फुटला. कसला दंडक आणि कसलं काय! "देवा, एक तर ह्यास्नी झोप दे, न्हायतर आमा दोघांस्नी उचल!"

राईचा गुरव, म्हातारा पिराजी, तरातरा आला. "ओ बाई, देवाच्या रानात बोंबलताय व्हय?"

"बोंबलू न्हाय तर काय करू, काका? माणूस चाललाय माझा!"

रत्नव्वा रक्त पुसत बसली आणि तिला आपली गल्ली आठवली. रातपाळीची माणसं दुपारी झोपतात. पोरं किंचाळू देत, ताशे वाजू देत, कुणी कूस बदलत नाही. पण लाईट गेली, माग थांबले, की सगळी गल्ली दचकून जागी होते. जन्म त्या गल्लीत गेला, आणि एवढं कळू नये? तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"काका, हितं आवाज कुठं हाय?"

"आवाज?" पिराजी बघतच राहिला. "खाली वढा हाय. दगडावरनं पडतोय खळखळ."

तिनं नवऱ्याला धरून ओढ्याकाठी नेलं. सोमशेखर मान वाकडी करून ऐकत राहिला, मागाचा बिघाड ऐकावा तसा. मग पाठ टेकली, डोळे मिटले आणि घोरायला लागला. तोंडावर हात दाबून रत्नव्वा ढसाढसा रडली. दुपार कलली तरी तो उठला नाही.

दिवस मावळताना पिराजी बघायला आला.

"काका, वाहतोय कवापतोर ह्यो वढा?"

"शिमग्यापतोर. मग खडखडीत."

शिमगा नऊ दिवसांवर आला होता. रत्नव्वानं सोमशेखरच्या तोंडावरची माशी हाकलली.

"हळू बोला, काका," ती म्हणाली. "अजून नऊ दिस हायत."