उधन्याच्या सायबर कॅफेत पालटलेलं कापड

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या नंदुरबारच्या शाळेत इंटरनेट पाहिलेला शिक्षक मी एकटाच होतो. नाशिकच्या प्रशिक्षणात मला गणिताची फुकटची पानं सापडली होती. चौकटीवर टिचकी मारली की रंग भरतो, चुकलं की पान लगेच सांगतं. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. त्यामुळे डी.एड.चा सोबती प्रभाकर याचं सुरतेहून पत्र येताच मी पुढच्याच शनिवारी निघालो. तो उधन्याच्या मराठी शाळेत सातवीला शिकवायचा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला सहापैकी तीन मुलं निवडायची होती, सोमवारी नावं द्यायची होती आणि निवड माझ्या त्या पानांवर करू असं त्यानं लिहिलं होतं.

तुम्हीही या बाजूनं गेलात तर सकाळची पॅसेंजर घ्या. रखडते, पण खिडकी मिळते. नवापूरपर्यंत डब्यात अहिराणी चालते, व्यारा गेलं की गुजराती. बारडोलीच्या आसपास दोन्हीकडे ऊस. आणि सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा, रिक्षाचे पैसे वाचतात. स्टेशनबाहेर चणाडाळीचा गरम, मऊ लोचो खाल्ला. वर तेल, शेव आणि हिरवी चटणी. खानदेशी जिभेला जरा गोडसर, पण दुसरी प्लेट मीच मागितली.

गल्लीत शिरलो तर यंत्रमागांच्या खडखडाटात प्रभाकरचं बोलणं ऐकू येईना. सहाही मुलांचे वडील खानदेशातून येऊन त्याच मागांवर कामाला लागलेले. सायबर कॅफे वरच्या मजल्यावर, ताशी साठ रुपये. पान फुकट, पण तिथवर पोचायला पैसे. एक युक्ती मात्र सांगून ठेवतो: पान पूर्ण उघडलं की फोनची लाइन तुटली तरी ते चालू राहतं. आमची दोनदा तुटली, काही बिघडलं नाही.

पडद्यावर अर्धं लाल फूल होतं, आरशातला अर्धा भाग मुलांनी भरायचा. मास्तरकीचा किडा स्वस्थ बसू देईना, म्हणून मी गावाला शोभेलसं उदाहरण दिलं. "समजा हे कापड आहे. ते पालटा. कसं दिसेल, तसं भरा." पाच जणांनी फूल भरलं, कुणी बरोबर, कुणी एखादी चौकट चुकून. सुनंदानं फूल कोरं ठेवलं आणि भोवतालच्या सगळ्या चौकटी लाल केल्या. पानानं चूक दाखवली. मी पुन्हा करायला सांगितलं. तिनं पुन्हा तेच केलं. पोरं हसली आणि प्रभाकरनं यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. मीही मान डोलावली. संगणक काय खोटं बोलणार आहे?

सुनंदा रडली नाही. उठली, कॅफेच्या दाराला लावलेल्या, नक्षी विणलेल्या जेकार्डच्या पडद्याचं टोक धरलं आणि उलटवलं. समोरून लाल फुलं, पिवळी जमीन. मागून पिवळी फुलं, लाल जमीन.

"सर, तुम्हीच सांगं ना, कापड पालटा," ती म्हणाली. "मांगनी बाजू अशीच दिसस."

मी तिच्या चौकटी एकेक मोजल्या. आरसा अचूक होता, एकही चौकट इकडची तिकडे नव्हती. चूक माझ्या उदाहरणाची होती, आणि ते शब्दशः ऐकणारी सहांत ती एकटीच. मला फार लाज वाटली. मी सगळ्यांदेखत तसं सांगितलं. प्रभाकरनं रेघ खोडली नाही, खाली नवी यादी केली, तिचं नाव पहिल्या क्रमांकावर.

रविवारी परतलो. ती पानं मी पुढं माझ्या वर्गातही वापरली, तुम्हीही वापरा, मुलं हरखून जातात. पण चूक झाली एवढंच ती पानं सांगतात, का झाली ते विचारत नाहीत. खरं तर मीही कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा काढला. पहिल्याच वहीवर माझी लाल फुली होती. जिची ती वही होती त्या कल्पनाला पुढे बोलावलं आणि म्हणालो, "हे कसं केलंस, सांग बरं."

छडी खायला तिनं हात पुढे केला.