नानाजींची पिवळी

नानाजी गोल्हरांना कोणी धंदा विचारला की ते अजूनही "पेंटर" असंच सांगतात. एकेकाळी नागपूरच्या महाल भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. आता ते रंगाच्या एका दुकानात बसतात. तिथे रंग मिसळायला मशीन आहे आणि नानाजी तिचं बटण दाबतात. तरी त्यांच्या "पेंटर"ला गल्लीत कोणी हसत नाही, कारण वर्षातून एकदा ते खरोखरच पेंटर असतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. बांबू-कागदाच्या या थोराड बायांना वाजतगाजत गावभर फिरवायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचं. मोठ्या मारबती मोठ्या मंडळांच्या. नानाजींच्या गल्लीची आपली एक लहानशी पिवळी आणि शेजारच्या गल्लीची तेवढीच काळी. या दोन गल्ल्यांत सोयरिकी आहेत, एकमेकांच्या लग्नात सगळे पोटभर जेवतात. पण मारबतीच्या दिवसांत पिवळीवाल्याने काळीच्या मांडवात नुसता चहा घेतला तरी त्याच्याकडे संशयाने बघतात. या पिवळीला पिवळी करायचं काम नानाजींचं. त्यात त्यांची सगळी अब्रू होती, आणि नेमकी तीच एका फोटोने धोक्यात आणली.

फोटो काढला वेदिकाने. समोरच्या घरातली ही पोरगी कॉलेजात फोटोग्राफी शिकते. तिच्या सरांनी विषय दिला होता, 'चौकटीतली भावना'. वेदिकाने मागच्या वर्षीच्या मारबतीचा एक फोटो नेला. जाळण्याआधी पिवळीसमोर हात जोडून उभे असलेले नानाजी, आजूबाजूला ही गर्दी. सर म्हणाले, "गर्दी काप. माणसाला खाली कोपऱ्यात ढकल, वर ती आकृती नुसती अंगावर आली पाहिजे. आणि हा पिवळा आधी काढ. पिवळा हसतो." वेदिकाने गर्दी कापली, माणूस ढकलला, रंग काढला, सावल्या गडद केल्या आणि फोटोला नाव दिलं 'शोषण'. परीक्षकांना त्यात श्रमिकाची युगानुयुगांची वेदना दिसली. त्या दिवशी सकाळी श्रमिकाने मंडळाच्या खर्चाने भरपेट वडे हाणले होते, पण ते चौकटीत नव्हतं. पहिलं बक्षीस मिळालं आणि ऐन श्रावणात फोटो पेपरात छापून आला.

वेदिका पेपर घेऊन धावतच आली. नानाजींनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वेदिका, ही काळी आहे वं!"

"नाही नानाजी, तुमचीच पिवळी आहे. ब्लॅक अँड व्हाइट केली फक्त."

"म्हणजे काळीच केली ना!"

दुपारपर्यंत ते गल्लीभर झालं. पिवळीचा पेंटर काळीपुढे हात जोडून उभा, तेही पेपरात! शेजारच्या गल्लीने तर कमालच केली. 'नानाजी आमच्यात आल्याबद्दल' म्हणून त्यांनी पेढ्यांचा डबा पाठवला. नानाजींच्या बायकोने, प्रयागबाईंनी, डबा परत पाठवला. पण त्यातला एक पेढा आधी खाल्ला.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष ओमप्रकाश आले. माणूस वाईट नव्हता, पण अध्यक्ष होता.

"नानाजीभाऊ, मले माहीत आहे तुमी आपलेच. पण लोकाईले कोण सांगन? यंदा रंगाचं काम अंकुशले देऊन राहिलो."

"अंकुश? थो तं मोटरसायकली रंगवते!"

"स्प्रे मारते. अर्ध्या तासात काम खतम."

नानाजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी ते वेदिकाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माहा रंग वापस दे." पोरगीही रडवेली झाली होती. तिने लॅपटॉप उघडला आणि मूळचा फोटो बाहेर काढला. न कापलेला, न काळवंडलेला. मधोमध पिवळीधमक मारबत, मागे अख्खी गल्ली. नानाजींना हायसं वाटलं. लॅपटॉप, वेदिका आणि नानाजी अशी वरात सरळ मंडळाच्या मांडवात गेली.

लोक गोळा झाले. पिवळी पिवळीच असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. ओमप्रकाशांनी अंकुशला फोन लावायला खिशात हातसुद्धा घातला. तेवढ्यात नव्वदीला टेकलेल्या पार्वतीबाई स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "हा रडून का राहिला?"

पेपराच्या शाईत जे कोणाला दिसलं नव्हतं, ते आता लख्ख दिसत होतं. सगळी गल्ली हात उंचावून ओरडत होती आणि नानाजींच्या गालावरून पाणी वाहत होतं. आता मारबत म्हणजे काही लेक नव्हे सासरी जायला निघालेली. ती गावाची पीडा घेऊन जाते, तिला हाकलायचं असतं. तिच्यासाठी रडायचं म्हणजे पीडेला थांब म्हणायचं.

"म्हणूनच मागच्या साली गल्लीत घरोघरी डेंगू झाला," पार्वतीबाईंनी निकाल दिला.

"रंग गेला होता डोळ्यात," नानाजी पुटपुटले. जाळायच्या दिवशी ओला रंग कुठून आला, असं कोणी विचारलं नाही. ओमप्रकाशांनी अध्यक्षाला शोभेल असा तोडगा काढला. वेदिकाने ते पाणी पुसायचं, फोटो मोठा करून मांडवावर लावायचा, म्हणजे नानाजी पिवळीचेच, आणि हसतखेळत.

वेदिकाने लॅपटॉप मिटला. नानाजींबरोबर घरी आल्यावर मात्र ती फुटली. "त्या फोटोत तेवढंच तर खरं आहे, नानाजी! काहून रडत होते तुम्ही?"

नानाजी छताकडे बघत म्हणाले,

"इतकी वर्षं झाली, मले तिचे डोळे जमलेच नाही वं. एक इतवारीकडं पाहे, तं दुसरा सीताबर्डीकडं. मागच्या साली पयल्यांदा जमले. खालून पाह्यलं तं सरळ माह्याकडं पाहून राहिली होती. मी दोन दिवस घरी कोणाशी बोललो नाही, असा आनंद झाला होता. अन् तिसऱ्या दिवशी आपल्याच लोकाईनं पेटवली. बरोबरच आहे, पेटवाचीच असते. पण मले नाही पाहवलं."

वेदिकाला खूप वाईट वाटलं. शोषण, श्रमिक, परीक्षक, सगळं तिला एकदम फालतू वाटायला लागलं. तिने माउस हातात घेतला आणि आपल्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या फोटोतलं पाणी पुसून टाकलं. काम दोन मिनिटांचं होतं. कोरड्या गालाचे नानाजी फ्लेक्सवर चढले, खाली अध्यक्षांच्या शुभेच्छा आल्या आणि ब्रश परत नानाजींच्या हातात आला. सरांनी तो फ्लेक्स जाता-येता पाहिला आणि यात भावना नाही म्हणाले.

मारबत उभी राहिली त्या सकाळी वेदिका कॅमेरा घेऊन मांडवात गेली. पिवळा असा लागला होता की बघत राहावं. तिने वर चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती गडबडली.

"नानाजी, डोळे परत तिरपे झाले!"

नानाजी शिडीवरून उतरले, पंच्याला हात पुसत तिच्याजवळ आले आणि कोणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच म्हणाले, "झाले नाही वं, केले. आता जाळता येईन."